स्तुतीला कारण लागते : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्तुती आणि भरवसा या विषयावर आलेल्या पत्रांमधून काही प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. वचनांचे क्रमांक उत्तरांतच दिले असल्याने पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवून वाचावे.

प्रश्न : आमच्या कौटुंबिक प्रार्थनेत "हे महान, थोर, पवित्र देवा, तुझी स्तुती असो" एवढे म्हटले की स्तुती संपते आणि मागण्या सुरू होतात. मुलेही तेच पाठ म्हणतात. स्तुती करायची म्हणजे नेमके काय करायचे? आणि उपकारस्तुती वेगळी की तीच?

उत्तर : स्तोत्र ११७ काढा. पवित्र शास्त्रातला हा सर्वांत लहान अध्याय, अवघ्या दोन वचनांचा. पहिल्या वचनात सर्व राष्ट्रांना परमेश्वराचे स्तवन करायला सांगितले आहे. दुसरे वचन "कारण" या शब्दाने सुरू होते. स्तोत्रांतल्या बहुतेक स्तुतीची बांधणी अशीच असते : आधी हाक, मग कारण. तुमच्या घरच्या प्रार्थनेत हाक आहे, कारण गळाले आहे. म्हणून ती दोन वाक्यांत आटोपते.

स्तोत्र ११७ मध्ये दोन कारणे दिली आहेत. पहिल्यासाठी मूळ इब्री शब्द आहे हेसेद. एकदा आपले म्हटल्यावर न सोडणारी, दिलेल्या शब्दाला जागणारी माया असा त्याचा अर्थ. दुसऱ्यासाठी शब्द आहे एमेत, म्हणजे सत्य, पण ज्यावर भार टाकला तरी जे खचत नाही अशा अर्थाचे सत्य. "आमेन" हा शब्द याच धातूतला. स्तुती आणि भरवसा ही दोन खाती वेगळी नाहीत हे या एका शब्दावरून कळते. ज्या गुणासाठी देवाची स्तुती करायची, त्याच गुणावर भार टाकायचा.

उपकारस्तुतीचा फरक थोडक्यात असा : देव कोण आहे आणि त्याने काय केले हे सांगणे ही स्तुती, त्यातले माझ्यापर्यंत पोचले त्याची पोच देणे ही उपकारस्तुती. स्तोत्र १००:४ मध्ये दोन्ही एकाच दमात येतात, तेव्हा ही रेघ फार ताणू नये.

आता कृती. सुरुवातीला स्तोत्र १४६ घ्या. दहाच वचने आहेत.

पहिल्या दिवशी हातात पेन्सिल घेऊन वचने ६ ते ९ मधल्या क्रियापदांखाली रेघ ओढा. आकाश, पृथ्वी आणि समुद्र केले, सत्य पाळतो, जुलूम सोसणाऱ्यांचा न्याय करतो, भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना मोकळे करतो, आंधळ्यांना दृष्टी देतो, वाकलेल्यांना उभे करतो, परक्यांचे रक्षण करतो, अनाथ आणि विधवा यांना सांभाळतो. विशेषणे जवळजवळ नाहीत. "महान, थोर, अद्भुत" अशी विशेषणांची चळत रचली की प्रार्थना गुळगुळीत होते. क्रियापद आले की ती जमिनीला टेकते.

दुसऱ्या दिवसापासून रोज एकच क्रियापद घ्या आणि ते देवाकडे तोंड करून बोला. "तो भुकेल्यांना अन्न देतो" याचे "तू भुकेल्यांना अन्न देतोस" करा. मग घरातल्या प्रत्येकाने गेल्या आठवड्यातली त्याच प्रकारची एक खरी गोष्ट एका वाक्यात जोडावी. आठवत नसेल तर गप्प बसावे. ओढून-ताणून आणलेली साक्ष मुलांना लगेच कळते. शेवटी सर्वांनी आमेन म्हणावे. या सगळ्याला तीन-चार मिनिटे लागतात. त्यानंतर मागण्या.

यात एक चूक हमखास होते. उत्साहाच्या भरात पूर्ण यादी एकाच दिवशी म्हटली जाते आणि आठवड्याभरात तिचाही पाठ होतो. स्तोत्र १३६ पाहा. प्रत्येक वचनाचा शेवट देवाची दया सनातन आहे या एकाच ओळीने होतो, सव्वीस वेळा. तरी ते कंटाळवाणे होत नाही, कारण ओळीचा पहिला अर्धा भाग दर वेळी पुढे सरकतो : आधी सृष्टी, मग मिसरातून सुटका, मग अरण्य, मग वतन, मग "आमच्या दैन्यावस्थेत आमची आठवण", आणि पंचविसाव्या वचनात सर्व प्राण्यांना मिळणारे अन्न. आकाशापासून निघून ताटापर्यंत. धृपद तेच राहिले तरी चालते. कारण मात्र रोज नवे हवे.

प्रश्न : देव परिपूर्ण असेल तर त्याला आमच्या स्तुतीची गरज कशाला? एखाद्या माणसाने "माझी स्तुती करा" म्हटले तर आपण त्याला अहंकारी म्हणतो.

उत्तर : गरज नाही, हे शास्त्रच सांगते. स्तोत्र ५०:१२ मध्ये देव म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातले सर्व काही माझेच आहे. प्रेषित पौलाने अथेन्समध्ये हेच सांगितले : काही उणे असल्याप्रमाणे देव माणसांच्या हातून सेवा घेत नाही, उलट जीवन, श्वास आणि सर्व काही तोच सर्वांना देतो (प्रेषितांची कृत्ये १७:२५).

माणसाने स्तुती मागितली की खटकते, कारण ती त्याच्या मापापेक्षा मोठी असते. देवाच्या बाबतीत ती नेहमी मापाला कमीच पडते. शिवाय माणूस स्तुतीवाचून राहत नाही. देवाची केली नाही तर पैशाची, पुढाऱ्याची किंवा स्वतःची करतो, आणि ज्याची करतो त्याच्यावरच संकटात भार टाकतो. स्तोत्र १४६:३-४ मध्ये अधिपतींवर भरवसा ठेवू नका असे सांगून कारणही दिले आहे : माणसाचा श्वास गेला की त्याच दिवशी त्याचे बेत संपतात. स्तुतीची आज्ञा आहे ती भार चुकीच्या खांबावर पडू नये म्हणून.

प्रश्न : सृष्टी पाहून देवाची स्तुती करा असे सांगितले जाते. पण सृष्टीत पूर, भूकंप, रोगजंतू, एकमेकांना फाडून खाणारे प्राणीही आहेत. मग सृष्टी हे कारण कसे पुरे पडावे?

उत्तर : एकटे पुरे पडत नाही. स्तोत्र १०४ हे सृष्टीचे सर्वांत मोठे स्तवन, आणि त्यातही भक्ष्यासाठी गर्जना करणारे सिंह आहेत (वचन २१) आणि श्वास काढून घेतला की मातीला मिळणारे जीवही आहेत (वचन २९). स्तोत्रकर्ता डोळे झाकून गात नाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनाप्रमाणे सृष्टीवरून देवाचे सामर्थ्य आणि देवपण कळते. त्याचे आपल्याविषयीचे मन काय आहे, हे पत्र पुढे वेगळ्या ठिकाणी दाखवते : आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला (५:८), आणि ज्याने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवले नाही तो त्याच्याबरोबर सर्व काही कसे देणार नाही (८:३२).

ख्रिस्ती स्तुतीचा मुख्य खांब म्हणून वधस्तंभ आणि पुनरुत्थान हाच आहे. हवामान, पीक, तब्येत, नोकरी ही कारणे येतात आणि जातात. जे घडून गेले आहे ते उद्याच्या वाईट बातमीने न घडलेले होत नाही. अर्थात यात धोकाही आहे, आणि पौलाने तो लपवलेला नाही : ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ (१ करिंथकरांस १५:१४). एवढे उघडपणे आपला सगळा भार एका घटनेवर टाकणारा माणूस निदान गोलमोल बोलत नाही.

प्रश्न : आमचे मूल सात महिन्यांपूर्वी गेले. भेटायला येणारे सांगतात, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असे वचन आहे, देवाचे आभार माना." माझ्या तोंडून ते निघत नाही. मी उपासनेला जाते, पण गाणी सुरू झाली की ओठ मिटतात. माझा विश्वास संपला आहे का?

उत्तर : नाही, ताई. संपला असता तर हा प्रश्न तुम्हाला छळत राहिला नसता.

आधी ते वचन. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये "सर्व स्थितीत" असे आहे. प्रत्येक गोष्टीबद्दल आभार माना असे तिथे म्हटलेले नाही. इफिसकरांस ५:२० मध्ये "सर्व गोष्टींबद्दल" असे शब्द येतात हे खरे, आणि तेच वचन घेऊन लोक तुमच्यासारख्यांच्या दारी येतात. पण ते वचन मंडळीच्या गायनाविषयी बोलताना आलेले आहे, आणि तोच पौल १ करिंथकरांस १५:२६ मध्ये मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूबद्दल आभार मानायला तो कोणाला सांगत नाही. मरण पावलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू रडला (योहान ११:३५), आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होते. पुनरुत्थानाची खात्री असूनही अश्रू येतात. त्यांत अविश्वास शोधू नये.

स्तोत्रसंहितेचे इब्री नाव "तहिल्लीम", म्हणजे स्तवने. तरीही तिच्यातला सर्वांत मोठा गट विलापांचा आहे. ज्यांनी हा संग्रह बांधला त्यांना विलाप स्तवनाच्या पुस्तकात बसतो असे वाटले, कारण विलापही देवाकडेच तोंड करून केलेला असतो.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ उसने घ्या. सहाच वचने आहेत आणि तीन पायऱ्या. पहिल्या दोन वचनांत तक्रार : "कोठवर?" असा प्रश्न चार वेळा. पुढच्या दोनांत मागणी : माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड येऊ दे. शेवटच्या दोनांत "पण मी" असे म्हणून भरवसा आणि गाण्याचा निश्चय. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचा एकही शब्द नाही, हे ध्यानात घ्या.

सध्या पहिली चारच वचने मोठ्याने वाचा आणि थांबा. मुलाचे नाव घेऊन वाचा. पाचवे वचन ज्या दिवशी म्हणवेल त्या दिवशी म्हणा. नाही म्हणवले तर घरातल्या दुसऱ्या कोणी तुमच्या वतीने म्हणावे आणि तुम्ही ऐकावे. तेही जमत नसेल त्या रात्री स्तोत्र ८८ आहे. त्यात वळण येतच नाही, ते अंधारातच थांबते. तरी त्याच्या पहिल्या ओळीत कर्ता देवाला आपल्या तारणाचा देव म्हणतो, आणि ते स्तोत्र शास्त्रातून कोणी काढून टाकलेले नाही.

उपासनेत ओठ मिटले तर मिटू द्या. मंडळी एका आवाजात गाते ती याचसाठी की ज्याचा आवाज गेला त्याचेही गाणे चालू राहावे. शेजारी बसणाऱ्या एका विश्वासू बहिणीला तेवढे सांगून ठेवा, म्हणजे ती "गा ना" असा आग्रह करणार नाही. झोप, जेवण, रोजची कामे पूर्णपणे बंद पडली असतील किंवा जगू नये असे विचार येत असतील तर आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना भेटा. तसे करण्यात विश्वासाला कसलाही कमीपणा नाही.

आणि भेटायला जाणाऱ्यांसाठी : मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सर्वांत शहाणपणाचे काम केले ते पहिल्या आठवड्यात. सात दिवस आणि सात रात्री ते जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). तोंड उघडल्यावर त्यांचे सगळे बिघडले. शेवटी देव त्यांनाच म्हणाला की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत (४२:७). ज्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता तो हा ईयोब.

प्रश्न : यहूदाचा राजा यहोशाफाट याने सैन्यापुढे गाणारे पाठवले आणि जय मिळाला. संकटात एकवीस दिवस सतत स्तुती केली की अडथळे तुटतात असे आमच्या संगतीत शिकवतात. हे शास्त्राला धरून आहे का?

उत्तर : २ इतिहास २० चा क्रम बघा. राजा घाबरला आणि उपास जाहीर केला (वचन ३). सर्वांसमोर प्रार्थना करून त्याने कबूल केले की काय करावे हे आम्हाला कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत (वचन १२). मग यहजिएल नावाच्या लेव्याद्वारे देवाचे वचन आले की ही लढाई तुमची नाही (वचने १४ ते १७). गाणारे पुढे निघाले ते त्यानंतर, एकविसाव्या वचनात. म्हणजे जय मिळवण्यासाठी स्तुती केली असे घडले नाही. वचन मिळाले होते, त्यावर विश्वास ठेवला म्हणून गायले. गाणेही नवे नव्हते, स्तोत्र १३६ चे तेच धृपद.

याच्या शेजारी १ शमुवेल ४ वाचा. पलिष्ट्यांनी सुमारे ४,००० माणसे मारल्यावर इस्राएलाने कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याचे चिन्ह असलेली पवित्र पेटी, छावणीत आणला आणि एवढा जयघोष केला की भूमी दणाणली. परिणाम : ३०,००० पायदळ पडले, कोश शत्रूच्या हाती गेला. आवाज कमी पडला असे तिथे म्हणता येत नाही. देवाला विचारलेच नव्हते. त्याचा कोश हत्यारासारखा वापरला होता.

एकवीस दिवसांचा नियम शास्त्रात नाही. दानीएल तीन आठवडे शोक करत होता (दानीएल १०:२-३), ते अडथळे तोडण्याचे सूत्र म्हणून दिलेले नाही. अशा शिकवणीचा खरा तोटा बाविसाव्या दिवशी दिसतो : अडथळा तसाच असतो आणि माणूस स्वतःच्या स्तुतीत खोट शोधत बसतो. राजाच्या मूर्तीला नमत नाहीत म्हणून ज्यांना जळत्या भट्टीची धमकी मिळाली त्या तिघांचे उत्तर याहून निरोगी आहे. आमचा देव सोडवायला समर्थ आहे. त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही (दानीएल ३:१७-१८). त्या "नाही तरी" या शब्दांत जेवढा विश्वास आहे तेवढा शंभर घोषणांत नसतो.

प्रश्न : मला मधुमेह आहे. देवावर पूर्ण भरवसा असेल तर गोळ्या बंद करून दाखव असे एका प्रार्थना गटात सांगितले. मन द्विधा झाले आहे.

उत्तर : गोळ्या बंद करू नका. डोस कमी-जास्त करायचा तर तो डॉक्टरांनी, तपासणीचे आकडे पाहून. इन्सुलिन घेणाऱ्याने ते अचानक सोडले तर काही तासांपासून एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. गोळ्यांवर असलेल्याची साखर हळूहळू चढते आणि डोळे, मूत्रपिंडे, पाय यांचे नुकसान कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता शास्त्र. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतान येशूला म्हणाला तेव्हा त्याने पुराव्यादाखल स्तोत्र ९१ मधले वचनच दिले होते. येशूचे उत्तर : परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको (मत्तय ४:५-७). "गोळी बंद करून दाखव" यातला "दाखव" हा शब्द त्या शिखरावरचाच आहे.

आजारी पडलेल्या हिज्कीया राजाचे उदाहरण तर नेमके तुमच्यासाठी आहे. देवाने त्याला बरे करण्याचे आणि आयुष्याची १५ वर्षे वाढवण्याचे वचन दिले (यशया ३८:५), आणि तरीही यशयाने अंजिरांचे पोटीस गळवावर बांधायला सांगितले (३८:२१). वचनही आणि पोटीसही. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३), त्रफिम या सोबत्याला मिलेत शहरात आजारी ठेवून यावे लागले (२ तीमथ्य ४:२०), आणि त्याचा प्रिय सोबती लूक वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४). विश्वास कमी म्हणून त्रफिम आजारी राहिला असे पौल म्हणत नाही.

गटात आसा राजाचे नाव कदाचित निघेल : तो आजारात परमेश्वराला शरण न जाता वैद्यांना शरण गेला (२ इतिहास १६:१२). त्याचा दोष "शरण न जाता" यात आहे. त्याच अध्यायाच्या आरंभी त्याने मंदिरातले सोने-रुपे देऊन अरामाच्या राजाची मदत विकत घेतली होती. देवाला वगळण्याची सवय जुनी होती. तुम्ही गोळी हातात घेऊन देवाचे आभार माना आणि पाण्याबरोबर घ्या. यरुशलेमेची भिंत बांधताना शत्रूंनी धमकावले तेव्हा नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला (नहेम्या ४:९). एकाने दुसरे रद्द झाले नाही.

प्रश्न : विश्वास ठेवतो, तरी रात्री काळजीने झोप लागत नाही. "कशाविषयीही चिंता करू नका" हे वचन वाचून तर जास्तच अपराधी वाटते.

उत्तर : हे वचन लिहिणाऱ्या पौलाने दुसरीकडे कबूल केले आहे की सर्व मंडळ्यांची चिंता त्याच्यावर दररोज असते (२ करिंथकरांस ११:२८). मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडचे शब्द एकाच धातूचे आहेत. म्हणजे चिंता मनात येणे हा गुन्हा धरला तर पौलही सुटत नाही. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये ती आल्यावर काय करायचे ते आहे : प्रार्थना, विनंती आणि त्यांबरोबर उपकारस्तुती. सातव्या वचनात शांती मन "राखील" असे म्हटले आहे; त्यासाठीचा ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. आणि पौल हे स्वतः बंधनात असताना लिहितो आहे.

करून बघण्यासारखे काही. झोपण्याच्या वेळेआधी, अंथरुणावर पडण्याआधी, एका कागदावर चिंता लिहा, पण मोघम नको. "पैशाचे काय होणार" असे लिहिले की विनंती करता येत नाही. "पंधरा तारखेला हप्ता भरायचा आहे आणि इतके रुपये कमी आहेत" असे लिहिले की येते. त्याखाली देवाकडे काय मागायचे ते एका वाक्यात. त्याखाली याच बाबतीत आधी मिळालेली एक मदत, शक्य तर तारखेसह. ही तिसरी ओळ बहुतेक जण गाळतात, आणि तिच्यावाचून प्रार्थना म्हणजे चिंतेची उजळणी होते. शेवटी उद्या स्वतः करायचे एक काम. कागद घडी घालून शास्त्रात ठेवा. रात्री जाग आली तर नवी प्रार्थना रचू नका. स्तोत्र ५६:३ एवढेच म्हणा : भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. "भीती गेल्यावर ठेवीन" असे दाविदाने म्हटलेले नाही.

आणखी एक. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, परत झोपू दिले, परत खायला दिले (१ राजे १९:५-८). देवाशी बोलणे झाले ते नंतर, होरेब डोंगरावर. दोन-तीन आठवडे झोप बिघडलेलीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : "तुमच्या हिताचे संकल्प" हे यिर्मया २९:११ आम्ही भिंतीवर लावले आहे. पण मनासारखे काहीच घडत नाही. वचन खोटे की आमची समजूत?

उत्तर : वचन ज्या पत्रातले आहे ते पूर्ण वाचले जात नाही, ही अडचण. बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र पाठवले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सर्व परत येईल (२८:३). यिर्मयाने लिहिले, सत्तर वर्षे (२९:१०). पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना सांगितले काय? घरे बांधा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा (वचने ५ ते ७). अकरावे वचन काढू नका, फक्त शेजारी पाच ते सात लावा. पुढच्या वेळी "कधी?" असा प्रश्न मनात आला की "इथे काय लावायचे?" असेही विचारता येईल.

रोमकरांस ८:२८ चेही तसेच. "कल्याण" म्हणजे काय ते एकोणतिसावे वचन सांगते : पुत्राच्या प्रतिमेशी जुळणे. ती व्याख्या सोडून आपली लावली की निराशा ठरलेलीच.

प्रश्न : मला सूर नाही. स्तुतीत भाग कसा घ्यावा?

उत्तर : स्तोत्र १५० च्या शेवटच्या वचनात अट एकच आहे, श्वास असणे. हळू आवाजात गा. आणि इब्री लोकांस पत्र १३:१५ मध्ये ओठांच्या स्तुतीला यज्ञ म्हटले आहे, तर लगेच सोळाव्या वचनात उपकार करणे आणि वाटून देणे यालाही यज्ञच म्हटले आहे. तिथे सूर लागत नाही.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली आहे, स्मरणशक्तीही गेली आहे. तिच्यासाठी कोणती स्तोत्रे आणि कशी वाचावीत?

उत्तर : लहान आणि चित्रे असलेली निवडा. २३ (सहा वचने), १२१ (आठ), १३१ (तीन), १३४ (तीन). १३१ विशेषतः, कारण त्यात आईच्या कुशीत शांत बसलेले बालक आहे. १०३ मोठे आहे. त्यातली पहिली पाच वचने आणि मग तेरावे व चौदावे एवढे पुरे. पाच वचनांत देवाच्या पाच कृती येतात : क्षमा करतो, बरे करतो, सोडवतो, दयेचा मुकुट घालतो, तृप्त करतो. चौदाव्यात, आम्ही माती आहोत हे त्याला ठाऊक आहे.

आईने लहानपणी ज्या भाषांतरातून पाठ केले तेच भाषांतर वापरा. नवे सोपे असले तरी तिच्या आठवणीत बसणार नाही. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा, टीव्ही बंद करा, हात हातात घ्या. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढे म्हणून थांबा आणि मनात दहापर्यंत मोजा. कित्येकदा संवाद हरवलेल्या माणसाच्या तोंडूनही पाठ असलेली पुढची ओळ येते. नाही आली तर तुम्ही पुरी करा, पण "आठवतंय का?" असे विचारू नका, त्या प्रश्नाने स्तोत्राची परीक्षा होते आणि ती कावरीबावरी होते. आठवडाभर एकच स्तोत्र ठेवा. तिला चाल येत असेल तर वाचण्यापेक्षा गा, कारण चाल बहुधा शब्दांपेक्षा जास्त काळ टिकते.